बोलावलेल्या फौजेचं जेवण

ग्विलिम प्यूचं सैन्य त्या गुरुवारी चहाच्या आधीच हरलं, आणि तेही गावाची वेस न ओलांडता. खेचरांना दाणा घालून झाला होता. पिठाची पोती गाड्यांवर चढली होती. आघाडीची गाडी पुलाच्या तोंडाशी आली होती. एवढ्यात समोरच्या रॉड्रीनं कापडी पिशवीत हात घालून एक आकडा काढला, "आवाहन" एवढंच म्हटलं आणि आपली गरुडस्वारांची शिशाची पलटण उचलून थेट ग्विलिमच्या कोठारामागे नेऊन ठेवली. मधे दोन डोंगर, एक नदी आणि एक खिंड होती. पलटणीनं त्यांतल्या कुणालाही विचारलं नाही.

"ही आली कुठून?" ग्विलिमनं विचारलं.

"बोलावली, मिस्टर प्यू."

"ते दिसलं. पण कुठल्या रस्त्यानं?"

"मंत्राला रस्ता लागत नाही," रॉड्री म्हणाला. तो गावातला दंतवैद्य, त्यामुळे दुखणारं काहीही तो फार गोड आवाजात सांगायचा. खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती त्यानं शहरातून मागवली होती, आणि त्या आवृत्तीत मांत्रिकाला आवाहनाची सोय होती. मंत्र म्हणायचा, आकडा काढायचा, आकडा बरा निघाला की फौज हजर.

ग्विलिमनं आघाडीचं खेचर पुलाच्या तोंडाशीच सोडलं आणि चहा घ्यायला गेला. चहात त्यानं साखर दोनदा घातली, आणि दोन्ही वेळा ढवळायचं विसरला.

वेल्सच्या डोंगरातलं ते पाटीदगडाच्या खाणींचं गाव. तिथल्या चॅपलच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी ही मंडळी जमून शिशाच्या चिमुकल्या सैन्यांनी लढायची. चॅपलमध्ये लढाई कशी चालू दिली, असं कुणी विचारील. लढाईला वडीलधाऱ्यांची हरकत नव्हतीच. हरकत होती फाशांना, कारण फासे म्हणजे जुगार. म्हणून मग भिंतीवरच्या पाटीत रविवारच्या स्तोत्रांचे क्रमांक लावायचे जे लाकडी आकडे असतात, त्यांतले जास्तीचे आकडे एका पिशवीत भरून त्यांतून नशीब काढायचा प्रघात पडला. राक्षसाचा गदाप्रहार लागला की चुकला हे स्तोत्राचा आकडा ठरवायचा. एकदा एक नऊ कुणाच्या तरी खिशातून घरी गेला आणि रविवारी सहाचा आकडा उलटा लावून वेळ भागवावी लागली. पण तसं सगळं सुखानं चाललं होतं.

सुखानं म्हणजे एमलिन होता तोवर.

एमलिन निवृत्त भूगोल मास्तर. टेबलावर मांडलेलं ते सबंध खोरं त्याच्या आणि ग्विलिमच्या हातचं होतं: वर्तमानपत्रांचा लगदा आणि लाकडाचा भुसा घालून केलेले डोंगर, तारेच्या जाळीवर उभी केलेली खिंड, काचेवर रंगवलेली नदी. रस्त्याचा चढ भरल्या गाडीला झेपेल असा हवा म्हणून एमलिननं एक अख्खा डोंगर दोनदा मोडून केला होता. ग्विलिमची नोकरी शाळांच्या दुपारच्या जेवणाच्या खात्यात. डोंगरावरच्या शाळांत बर्फ पडायच्या आत बटाटे आणि पुडिंग कसं पोचवायचं हा त्याच्या आयुष्याचा प्रश्न, आणि टेबलावरही तो हेच करायचा. त्याच्या सैन्यात योद्धे कमी आणि खेचरं जास्त. एमलिन खिंडीत दबा धरून त्याच्या गाड्या लुटायचा. ग्विलिम दुसऱ्या वाटेनं गाड्या काढायचा. मग खिंडीत बर्फ पडलं असं आकड्यानं ठरायचं आणि लढाई अडायची. लढाई अडली की गप्पा सुरू व्हायच्या, आणि लढाई बहुतेक अडलेलीच असायची. कित्येक हिवाळे दोन्ही सैन्यं खिंडीच्या अलीकडे-पलीकडे बसून राहिली आणि दोन्ही सेनापतींनी मनुकांच्या पावावर लोणी लावत जगातल्या झाडून सगळ्या विषयांचा निकाल लावला.

आदल्या शरदात एमलिनची बायको गेली, आणि त्याची मुलगी त्याला आपल्याकडे घेऊन गेली, पार पूर्वेच्या किनाऱ्याजवळ, नॉर्फोकात. तिथे डोंगर नाहीत. एमलिननं फोनवर सांगितलं होतं की सगळा मुलूख इस्त्री केल्यासारखा आहे, खिडकीतून पाहिलं की नजर अडत नाही, आणि नजर अडली नाही की माणसाला बसल्यासारखं वाटत नाही.

आता चहाच्या टेबलापाशी रॉड्रीनं दुसरी गोड गोष्ट सांगितली. आता कुणी रस्त्यानं चालून येतच नाही, तेव्हा एवढं मोठं खोरं लागतं कशाला? साधं हिरवं कापड अंथरलं तरी चालेल. शिवाय ज्या कपाटात खोऱ्याचे तुकडे ठेवतात ते कपाट रविवारच्या शाळेला नाताळच्या नाटकाचे कपडे ठेवायला हवंय, असं मिसेस पॅरी म्हणत होत्या. मिसेस पॅरी म्हणजे खोलीच्या समितीच्या चिटणीस. त्यांचं म्हणणं आणि होणं यांत फारसं अंतर नसे.

ग्विलिमनं मनुकांचा पाव तसाच खाली ठेवला. एमलिन परत येईल असं कुणी म्हटलं नव्हतं, एमलिननंही नाही. पण खोरं कपाटात आहे तोवर एमलिन बाहेरगावी गेलेला होता. खोरं गेलं की तो गावातून गेला.

"त्या गरुडस्वारांनी सकाळपासून काय खाल्लंय?" ग्विलिम म्हणाला.

"काय?"

"तुझ्या पलटणीनं. आणि गरुडांनी. गरुड काही गवत खात नाही. मंत्रानं आली, ठीक. पण आल्यावर जेवायचं काय?"

इथून त्या संध्याकाळी जो वाद पेटला तो खोलीचे दिवे मालवायला मिसेस पॅरी आल्या तरी विझला नव्हता. रॉड्रीचं म्हणणं, सांगाड्यांची फौज बोलावली तर पोटाचा प्रश्नच येत नाही. ग्विलिमनं सांगाडे सोडून दिले, पण तिरंदाज? बुटके खाणकामगार? राक्षस तर एका बैठकीला बैल संपवतो. आणि ही माणसं बोलावली तेव्हा कुठे होती? समजा कुणी घरी जेवायला बसलं होतं आणि घास तोंडाशी नेताना या मांत्रिकानं त्याला उचललं. तो लढायला आला तेव्हा उपाशी आणि वैतागलेला असणार की नाही? सैन्य चालत येतं तेव्हा मागून त्याचं जेवण येतं. हे एका टिचकीसरशी शत्रूच्या पाठीशी जाऊन उभं राहतं, म्हणजे त्याच्या आणि त्याच्या भाकरीच्या मधे सगळा शत्रू. रॉड्री म्हणाला, मग भाकरीही मंत्रानं बोलावू. ग्विलिम म्हणाला, जरूर बोलाव; पण ती हवेतून होत नाही. कुणाच्या तरी फडताळातून येते. तिकडे एक बाई फडताळ उघडून उभी आहे, पोरं ताट घेऊन बसली आहेत, आणि भाकरी नाही. तिला काय सांगशील?

शेवटी ठरलं की ग्विलिमनं नियम मांडावा, वसंतातल्या मोठ्या सामन्यात तो आजमावावा, आणि तोवर खोऱ्याला कुणी हात लावू नये. नियम असा: बोलावलेल्या प्रत्येक तुकडीपाशी संध्याकाळ व्हायच्या आत गाडीनं, रस्त्यानं, भाकरी पोचली पाहिजे. नाही पोचली तर तुकडी आल्या वाटेनं परत.

भाकरीच्या खुणेला पुठ्ठ्याचे तुकडे चालतील, असं सगळे म्हणाले. इथे ग्विलिमचा स्वाभिमान आडवा आला. ज्या माणसानं खेचरांच्या नालांना एका केसाच्या कुंचल्यानं रंग दिला, तो पुठ्ठ्याची भाकरी वाहील? त्यानं घरी मीठ, पीठ आणि पाणी मळून नखाएवढे पाव करायला घेतले. बायको मेन्नानं पहिली खेप पाहून विचारलं की हे उंदरांसाठी आहेत की उंदरांनी केलेत. ते फार लहान झाले होते. पाहुण्याला दाखवायला चष्मा द्यावा लागला असता. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. एकानं सांगितलं, मीठ दुप्पट घाला, दगड होईल. दुसऱ्यानं सांगितलं, भट्टी मंद ठेवा, दिवसभर. तिसऱ्याचे काका जहाजावर होते, त्यांच्या मते वरून वॉर्निश हवंच, नाहीतर ओल धरतं. ग्विलिमनं मोठ्या मनानं सगळ्यांचं ऐकलं, आणि अक्रोडाएवढे, सोनेरी, चकचकीत, दगडासारखे पाव तयार झाले. इतके देखणे की मेन्नाच्या चांगल्या निळ्या बशीखेरीज दुसऱ्या कशात ते शोभेनात. बशी त्यानं बैठकीच्या खोलीत टेबलावर वाळायला ठेवली.

तो प्यू घराण्याचा महिना होता, हे तो विसरला.

त्या चॅपलला स्वतःचा पाळक नव्हता. दर रविवारी बाहेरगावचा पाळक प्रवचनाला बोलवायचा, आणि त्याचं जेवणखाण, विश्रांती महिन्याच्या पाळीनं एकेका घरानं करायची, ही तिथली जुनी रीत. आणि त्या रविवारी येणार होते टेग्विन रीस. त्यांचं नाव ऐकून लोक दोन डोंगर ओलांडून यायचे. त्यांचं प्रवचन बोलण्यातनं सुरू व्हायचं. मग हळूहळू शब्दांना चाल लागायची, पट्टी चढायची, आणि हरिदासबुवांनी निरूपण सोडून एकदम आख्यानात झेप घ्यावी तसे ते गाण्यात शिरायचे. मग बाकावरच्या माणसाला आपण रडतोय हे शेजारच्यानं रुमाल दिल्यावर कळायचं. ग्विलिम वर्षभर त्या रविवारची वाट पाहायचा. पूर्वी तो आणि एमलिन एकाच बाकावर बसायचे, आणि रुमाल एमलिनचा असायचा.

दुपारी मेन्ना स्वयंपाकघरात कोकराचं मांस बघत होती आणि ग्विलिम कोळसा आणायला गेला होता. पाळकांना बैठकीत बसवलं होतं. समोर निळी बशी. यजमानानं प्रेमानं पुढ्यात ठेवलेलं नाकारायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. ग्विलिम आत आला तेव्हा पाळकांच्या गालात काहीतरी होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

"फार..." पाळक म्हणाले, आणि त्यांनी घास गिळला. "फार रुचकर, प्यू. जरा टणक."

दाताचा कोपराही त्याबरोबर गिळला गेला, हे त्यांनी सांगितलं नाही. ते संध्याकाळी सगळ्या गावाला ऐकू आलं.

प्रवचन अरण्यातल्या भुकेल्या लोकांवर होतं. लोक देवाच्या हाकेसरशी घरदार सोडून निघाले, अरण्यात आले, आणि आता पोटात आग. पाळक बोलत होते, चाल लागत होती, बाकं पुढे झुकत होती. मग ते वरच्या सुरात गेले आणि त्या सुराबरोबर तुटक्या दातातून एक शीळ निघाली. लांब, स्वच्छ, मेंढपाळाची शीळ. बाहेर कुणाचं तरी कुत्रं उठून आत आलं आणि मधल्या वाटेनं थेट व्यासपीठापाशी जाऊन हुकमाची वाट पाहत बसलं. पाळक थांबले नाहीत. त्या थोर माणसानं शीळ सुरात घेतली, कुत्र्यावर हात ठेवला आणि ते गायले, "ज्यानं हाक मारली, त्यानंच पान मांडलं. हाक मारली की उपाशी ठेवता येत नाही." प्रत्येक कडव्याला शीळ. अर्धं चॅपल रडत होतं, अर्धं ओठ चावत होतं, आणि पुष्कळ जण दोन्ही करत होते. ग्विलिमनं शेजारी हात पुढे केला. तिथे मेन्नाची छत्री होती. रुमाल नव्हता.

सोमवारी पाळक दात भरून घ्यायला रॉड्रीकडे गेले आणि मंगळवारपर्यंत गावाला सगळं ठाऊक झालं. त्या गावात एकाच नावाची माणसं इतकी की ओळखायला प्रत्येकाला एक पुस्ती जोडलेली असते: कोळसेवाला, घंटावाला, दूधवाला. ग्विलिम आजवर 'ग्विलिम पुडिंग' होता आणि त्यात त्याला सन्मान वाटायचा. आता तो 'ग्विलिम दगडी पाव' झाला. टपाल्यानं हाक मारली तेव्हा त्यानं वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा पाहिलं, कारण टपाल होतं.

टपालात मिसेस पॅरींचं पत्र. खोलीत खाद्यपदार्थ करून आणायचे असतील तर काउन्सिलच्या आरोग्य खात्याचा दाखला हवा. ग्विलिम आरोग्य खात्यात गेला. तिथल्या साहेबांनी पाव हातात घेऊन टेबलावर आपटला, त्याचा आवाज ऐकला आणि सांगितलं की हा खाद्यपदार्थ नाही, तेव्हा दाखला देता येत नाही. तर मग खाद्यपदार्थ नाही असाच दाखला द्या, ग्विलिम म्हणाला. साहेब म्हणाले, जे आमच्या खात्यात येतच नाही त्याबद्दल आम्ही लिहून कसं देणार? आणि शिवाय एका धर्मगुरूंनी तो खाल्ला आहे अशी बातमी आहे, म्हणजे एका अर्थी येतोही. ग्विलिमनं विचारलं, मग मी करू काय? साहेबांनी पावाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की हा खाता येण्याजोगा करून आणलात तर पाच मिनिटांत सही करतो.

हे घेऊन तो मिसेस पॅरींकडे गेला, तर त्यांनी वेगळंच काढलं. पाव राहू द्या, त्या म्हणाल्या. ते आवाहन म्हणजे काय प्रकार आहे? आमच्या चॅपलच्या खोलीत, गुरुवारी, नक्की कुणाला बोलावलं जातं? ग्विलिमनं गरुडस्वार, तिरंदाज, बुटके खाणकामगार सांगितले. मिसेस पॅरींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा त्यानं आपला नियम सांगितला, आणि पाळकांचे शब्द सांगितले: ज्यानं हाक मारली त्यानंच पान मांडायचं. आपल्याकडे पूजेतही देवाला आवाहन करून मोकळं होता येत नाही. पाट मांडावा लागतो, पाय धुवावे लागतात, नैवेद्य दाखवावा लागतो, आणि मग निरोपही नीट द्यावा लागतो. हे ज्याला कळतं त्याला मिसेस पॅरींचा चेहरा त्या क्षणी का सैलावला तेही कळेल. चाळीस वर्षं त्या बाईनं पाळकांच्या पाळ्या लावल्या होत्या.

"म्हणजे राक्षसाचाही महिना सांभाळायचा," त्या म्हणाल्या. "बरं आहे. चालू द्या. पण पाव खरे आणा. आणि कपाट मला लागणार आहे ते लागणारच आहे."

तो घरी येऊन कणीक मळायला बसला. या वेळी मीठ चिमूटभर, खमीर खरं. मेन्ना बाजूला बटाटे सोलत होती.

"हे सगळं खोरं वाचवायला चाललंय ना? एमलिनसाठी?"

"नियमासाठी."

"एमलिनला बोलावलंस का?"

ग्विलिम मळत राहिला. गेल्या शरदापासून दर रविवारी फोन होत होता. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. ये, असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. एवढा लांबचा प्रवास, तीन गाड्या बदलायच्या, त्यात तो गुडघा. म्हटलं आणि त्याला नाही म्हणावं लागलं तर? एमलिननंही येतो असं कधी म्हटलं नव्हतं. बोलावलं नाही तिथे जाणारा तो माणूस नव्हता.

"तुमच्या त्या मांत्रिकाला निदान तोंड उघडावं लागतं," मेन्ना म्हणाली.

त्यानं कणकेच्या हातानंच फोन लावला. नंबर फिरवताना तबकडीत पीठ गेलं आणि ते पुढे महिनाभर निघालं नाही.

"हवा बरी आहे," एमलिन म्हणाला.

"इथेही."

"खालचा सूर कोण धरतं आता, चॅपलमध्ये?"

"कुणी नाही. तुझ्या जागी भोक आहे." मग ग्विलिमनं श्वास घेतला. "शनिवारी मोठा सामना आहे. ये."

पलीकडे काठी शोधल्याचा खडखडाट झाला.

"गुडघा बघतो," एमलिन म्हणाला.

शनिवारी खोरं मांडलं. सगळं, खिंडीसकट. आरोग्य खात्याची सही मिळालेले पाव पांढऱ्या फडक्याखाली होते, आणि त्यांच्या वासानं खोली भरली होती. ग्विलिमचं लक्ष दरवाज्याकडे होतं. दुपारची बस आली आणि गेली. तिच्यातून मेंढ्यांचे दोन व्यापारी आणि एक सायकल उतरली.

सामना मात्र रंगला. रॉड्रीनं तुकडी बोलावली की ग्विलिमनं विचारायचं, "हिचं जेवण?" आणि रॉड्रीला गाड्या जुंपाव्या लागायच्या. जन्मात पहिल्यांदा त्यानं खेचर हातात घेतलं. चढावर त्याची गाडी अडली तेव्हा तो खरोखर कळवळला आणि हा रस्ता कुणी एवढा चढाचा केला असं विचारू लागला. पण एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. पाव ताजे होते, लोणी टेबलावर होतं आणि चहा चालू होता. तिरंदाजांची रसद वाटेत असतानाच कुणीतरी बोलता बोलता खाल्ली. राक्षसाचं जेवण रॉड्रीनं स्वतः, खोऱ्याकडे बघत, दोन घासांत संपवलं आणि मग बोटं चाटताना थिजला. नियमाप्रमाणे राक्षस परत गेला. सेनापतींनीच फौजांचं खाल्लं, अशी ती लढाई झाली, आणि इतिहासाच्या जाणकारांनी सांगितलं की यात नवीन काही नाही.

संध्याकाळ होत आली. आता टेबलावर एकच पाव उरला होता. तो ग्विलिमच्या गाडीवर होता, आणि गाडी खिंडीच्या माथ्यावर. पलीकडे त्यानं स्वतः बोलावलेली भालाइतांची तुकडी उभी होती. पाव तिथे पोचला की सामना ग्विलिमचा.

दार उघडलं. आधी काठी आली, मग टोपी, मग एमलिन. कोटाला तीन गाड्यांची धूळ होती. दुपारची बस चुकली म्हणून तो दगडाच्या खाणीच्या ट्रकमधून आला होता. तो टेबलापाशी आला, त्यानं खोऱ्याकडे पाहिलं, एक झाड सरळ केलं आणि खुर्चीत बसला.

"सकाळपासून पोटात काही नाही," एमलिन म्हणाला. "काही आहे का रे?"

ग्विलिमनं टेबलावर नजर फिरवली. लोणी होतं. चहा होता. डब्यात चुरा होता. त्यानं खिंडीच्या माथ्यावरच्या गाडीतून पाव उचलला, त्याला लोणी लावलं आणि बशीत ठेवून एमलिनसमोर सरकवला.

"मिस्टर प्यू," रॉड्री हळूच म्हणाला, "तुमचे भालाईत."

"जातील परत," ग्विलिम म्हणाला. "याला मी बोलावलंय."

एमलिननं पाव सावकाश खाल्ला. भालाईत उचलले गेले. सामना ग्विलिम हरला आणि नियम एकमतानं मंजूर झाला. मंजुरी रॉड्रीनंच सुचवली, आणि वर म्हणाला की राक्षसाचं जेवण त्यानं खाल्लं याची त्याला अजून लाज वाटते. मग मिसेस पॅरी आल्या. त्यांनी एमलिनच्या हातात चहा दिला, गुडघ्याची चौकशी केली, आणि म्हणाल्या की नियम झाला हे उत्तम, मात्र नाटकाचे कपडे सोमवारी येतायत. खुंटीवर पंख टांगता येत नाहीत, मिस्टर प्यू, देवदूतांचे असतात ते.

ग्विलिमच्या घरी खोऱ्याला जागा नव्हती. अर्ध्याला होती. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर एमलिननंच तोडगा काढला. खोरं दोन लाकडी पाट्यांवर बेतलेलं होतं, सांधा खिंडीच्या पायथ्याशी. नॉर्फोकातल्या त्याच्या खोलीत खिडकीखाली एक रिकामं टेबल आहे, तो म्हणाला; तिथे नजर अडायला काही नाही. खिंड तो घेऊन जाईल. गाव, नदी आणि पूल इथे राहतील. चाल टपालानं कळवायची. टपालाला लागेल तेवढाच वेळ गाडीलाही लागणार.

"बर्फ पडलं तर?" ग्विलिमनं विचारलं.

"तर थांबायचं," एमलिन म्हणाला. "फोन आहेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपलमध्ये खालचा सूर होता. दुपारच्या बसला एमलिन निघाला, मांडीवर ब्लँकेटात गुंडाळलेली खिंड घेऊन. कंडक्टरनं हे काय असं विचारलं. डोंगर, असं खरं उत्तर मिळाल्यावर त्याचा विश्वास बसेना. शेवटी सामानात धरायचा की प्रवाशांत, यावर बस थोडी रखडली. ग्विलिमला ती आणखी रखडली असती तरी चाललं असतं. मेन्नानं खिडकीतून पुरचुंडी दिली: मनुकांचा पाव, चीज, आणि कालच्यासारखेच छोटे पाव, मूठभर.

"एवढे कशाला?" एमलिन म्हणाला.

"तीन गाड्या आहेत," ग्विलिम म्हणाला.

घरी येऊन त्यानं उरलेलं अर्धं खोरं बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं. नदी आली, पूल आला. पुलावरून रस्ता वर चढत गेला आणि पाटीच्या कडेशी येऊन थांबला, कापल्यासारखा. पलीकडे नुसती खिडकी होती, आणि खिडकीत संध्याकाळ. त्यानं आघाडीचं खेचर पूर्वेला तोंड करून अगदी कडेला उभं केलं. गाडीत एक पाव ठेवला. मग मेन्नाला हाक मारून विचारलं की उद्याचं टपाल किती वाजता निघतं.